सोन्याच्या घड्याळात सोनंच सगळ्यात स्वस्त

नोव्हेंबर २०१६ मध्ये जिनिव्हातल्या एका लिलावात पाटेक फिलिप कंपनीचं एक मनगटी घड्याळ विकलं गेलं. कंपनीच्या यादीत त्याचा क्रमांक १५१८. फिलिप्स या लिलावसंस्थेने त्याचा सौदा केला १ कोटी १० लाख २ हजार स्विस फ्रँकला. तोवर जगातल्या कुठल्याही मनगटी घड्याळाला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. आणि हे घड्याळ सोन्याचं नव्हतं, पोलादाचं होतं! याच क्रमांकाची सोन्याची घड्याळं पावणेतीनशेच्या घरात बनली. पोलादी आजवर चारच सापडली आहेत.

सोन्याचे जुने क्रोनोग्राफ जमवणाऱ्यांच्या दुनियेत पाऊल टाकलं की पहिला धक्का हा असा बसतो. घड्याळाच्या केसमधलं सोनं वजनाने मोजक्या तोळ्यांचं. ते आजच्या भावाने मोडीत विकलं, तर येणारी रक्कम अशा दुर्मीळ घड्याळाच्या किमतीपुढे किरकोळ ठरते. मग उरलेली किंमत कशाची? यंत्राची, तबकडीची, आणि हे दोन्ही सत्तर-ऐंशी वर्षं धडधाकट राहिलं याची. कारण सोन्याच्या घड्याळांचा सर्वात मोठा घात सोन्यानेच केला आहे. तो कसा, हे कळायचं तर आधी घड्याळ उघडून बघायला हवं.

क्रोनोग्राफ म्हणजे नेहमीची वेळ दाखवता दाखवता एखादी गोष्ट घडायला किती वेळ लागला हेही मोजून देणारं घड्याळ. बाजूला दोन कळा असतात. वरची दाबली की मधला लांब काटा पळू लागतो, पुन्हा दाबली की थांबतो, खालची दाबली की टपकन शून्यावर येतो. आज हातातल्या फोनवर आपण हे काम बोटाच्या एका टोकाने करतो, म्हणून त्यात विशेष काही वाटत नाही. पण वीज नाही, बॅटरी नाही, फक्त गुंडाळलेली एक स्प्रिंग आणि नखाएवढी दातेरी चाकं, एवढ्यावर हे साधायला माणसाला शंभराहून अधिक वर्षं लागली.

लुई मोइने या फ्रेंच घड्याळकाराने १८१६ मध्ये ताऱ्यांच्या निरीक्षणासाठी एक यंत्र पुरं केलं. ते सेकंदाचा साठावा भाग मोजत असे. हे यंत्र जगाच्या नजरेतून निसटलं ते थेट २०१२ साली एका लिलावात पुन्हा वर आलं. तोपर्यंत पहिलेपणाचा मान होता निकोला र्‍यूसेक याच्याकडे. त्याने १ सप्टेंबर १८२१ रोजी पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर घोड्यांच्या शर्यती मोजल्या. घोडा रेषा ओलांडे, त्या क्षणी त्याच्या यंत्रातून फिरत्या तबकडीवर शाईचा थेंब पडे. दोन थेंबांतलं अंतर म्हणजे लागलेला वेळ. पुढच्या शर्यतीला ठिपके पुसायचे आणि पुन्हा सुरुवात करायची.

खरी अडचण होती ती काट्याला शून्यावर आणण्याची. काटा तबकडीवर कुठेही थांबलेला असू शकतो. तो प्रत्येक वेळी अचूक बाराच्या रेषेवर कसा आणायचा? याचं उत्तर म्हणजे बदामाच्या आकाराचा धातूचा एक चिमुकला तुकडा. लंडनमध्ये राहणाऱ्या अडॉल्फ निकोल या स्विस घड्याळकाराने १८४४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. काट्याच्या आसावर हा बदाम बसवलेला असतो. खालची कळ दाबली की एक पातळ हातोडी सपकन त्याच्या कडेवर येऊन आदळते. बदामाची कड अशी आखलेली असते की हातोडी कुठेही लागो, दाबाखाली बदाम फिरत जातो आणि त्याच्या खाचेपाशी येऊनच थांबतो. खाच म्हणजे शून्य. काटा डावीकडे असेल तर डावीकडून येतो, उजवीकडे असेल तर उजवीकडून. दोनशे वर्षांकडे झुकलेली ही कल्पना आजच्या यांत्रिक क्रोनोग्राफांतही तशीच्या तशी वापरली जाते. एखाद्या कल्पनेने एवढा काळ टिकावं आणि तिच्यात सुधारणा करायला जागाच उरू नये, याचं मला फार मोठं आश्चर्य वाटतं.

उत्तम जुन्या क्रोनोग्राफात आणखी एक बघण्याजोगी वस्तू असते, कॉलम व्हील. एका छोट्या चाकावर किल्ल्याच्या बुरुजांसारखे खांब उभे असतात. कळ दाबली की चाक एक घर पुढे सरकतं. एखाद्या तरफेचं टोक खांबावर चढतं, दुसरीचं दोन खांबांमधल्या फटीत उतरतं. त्यासरशी एक चाक किंचित आडवं सरकून मधल्या चाकाच्या दातांत आपले दात घालतं आणि काटा पळू लागतो. हे सारं घडतं जेमतेम २९ मिलिमीटर व्यासाच्या जागेत. ही चाकं हाताने घासून, कडा तिरप्या करून, आरशासारखी चमकवून बसवली जात. आणि वर केसचं झाकण बंद! मालकाला ती कधी दिसणार नव्हती. दिसलीच तर पुढे दहा-वीस वर्षांनी दुरुस्तीला बसलेल्या एखाद्या घड्याळजीला.

या घड्याळांच्या तबकडीवर आणखी गंमत आहे. कडेने छापलेल्या बारीक आकड्यांत मोजमापाचं एकेक शास्त्र दडलेलं असतं. टॅकिमीटरची पट्टी वेग सांगते: मैलाच्या एका दगडाशी कळ दाबा, पुढच्या दगडाशी थांबवा, काटा ज्या आकड्यावर असेल तो ताशी वेग. टेलिमीटरची पट्टी अंतर सांगते: वीज चमकताना सुरू करा, गडगडाट ऐकू आला की थांबवा, वीज किती लांब कोसळली ते कळलं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, तोच हिशेब पट्टीत मांडलेला. तोफखान्याचे अधिकारी शत्रूची तोफ किती दूर आहे ते असंच ताडत. पल्सोमीटरची पट्टी डॉक्टरांसाठी: रुग्णाची नाडी धरा, तीस ठोके मोजून थांबवा, मिनिटाला किती ठोके पडतात ते समोर हजर. गुणाकार नाही, भागाकार नाही. या बहुतेक घड्याळांचं तोल-चक्र तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. म्हणूनच तबकडीवर एका सेकंदाचे पाच भाग आखलेले दिसतात. आखणाऱ्याने यंत्राच्या कुवतीपेक्षा एक रेघही जास्त मारलेली नाही.

आता पुन्हा त्या १५१८ कडे वळू. पाटेक फिलिपने ते १९४१ मध्ये बाजारात आणलं, युरोपात महायुद्ध पेटलेलं असताना. क्रोनोग्राफ आणि शाश्वत दिनदर्शिका एकत्र असलेलं, एकेकटं न बनवता मालिकेने बनवलेलं हे जगातलं पहिलं मनगटी घड्याळ. शाश्वत दिनदर्शिका म्हणजे महिना तिसाचा की एकतिसाचा, फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा, हे घड्याळाला आपोआप कळतं. अशा यंत्रात चार वर्षांच्या अठ्ठेचाळीस महिन्यांचा हिशेब कमी-जास्त खोलीच्या खाचांत कोरलेला असतो. महिनाअखेरीला एक तरफ खाचेची खोली चाचपते आणि तितके दिवस गाळून पुढच्या महिन्याची पहिली तारीख आणते. घड्याळ नीट चालत राहिलं तर हाताने दुरुस्ती करायची वेळ येईल ती २१०० साली, कारण ते वर्ष चारने भाग जाऊनही लीप वर्ष नाही. १९४१ मध्ये बसून कोणी १५९ वर्षं पुढचा हिशेब पितळ-पोलादात कोरून ठेवला होता.

घड्याळाचा व्यास ३५ मिलिमीटर. मागच्या अंगाला क्रोनोग्राफचं यंत्र, पुढच्या अंगाला तबकडीखाली दिनदर्शिकेचं. वर बाराखाली दोन खिडक्यांत वार आणि महिना, सहापाशी चंद्राची कला आणि भोवती तारीख, तीनपाशी मिनिटांची मोजणी, नऊपाशी सेकंद. इतकं सगळं असूनही तबकडीवर गर्दी वाटत नाही. १९५४ पर्यंत अशी सुमारे २८१ घड्याळं झाली. बहुतेक पिवळ्या सोन्यातली, थोडी गुलाबी सोन्यातली. इजिप्तच्या राजघराण्यातले राजपुत्र तौफिक आदिल तौसून यांचं गुलाबी तबकडीचं गुलाबी सोन्यातलं १५१८ डिसेंबर २०२१ मध्ये सदबीजच्या लिलावात ९५ लाख डॉलरच्या वर गेलं. नंतर आलेल्या २४९९ या क्रमांकाची १९५१ ते १९८५ या काळात अवघी ३४९ घड्याळं बनली, म्हणजे वर्षाला सरासरी दहा.

इतकी कमी का बनली, हे समजतं. पण जी बनली त्यांतली, आणि इतर कंपन्यांची हजारोंनी बनलेली सोन्याची घड्याळं आज अस्सल रूपात इतकी कमी का सापडतात? इथे सोन्याने केलेल्या घाताची गोष्ट सुरू होते.

ती सांगायला १९६९ सालासारखं साल नाही. त्या वर्षी २५ नोव्हेंबरला ह्यूस्टनच्या वॉरविक हॉटेलात अमेरिकी अंतराळवीरांच्या सन्मानार्थ भोजन होतं. ओमेगा कंपनीने चांद्रमोहिमेवर गेलेल्या स्पीडमास्टर घड्याळाची अठरा कॅरट सोन्यातली आवृत्ती त्यांना भेट दिली. मागच्या झाकणावर प्रत्येकाचं नाव आणि त्याच्या मोहिमा कोरलेल्या. पहिल्या क्रमांकाचं घड्याळ राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी, दुसरं उपराष्ट्राध्यक्ष ॲग्न्यू यांच्यासाठी होतं. इतकी मौल्यवान भेट पदावर असताना घेता येत नाही म्हणून दोघांनीही ती नाकारली. १९७३ पर्यंत अशी १,०१४ घड्याळं झाली. यांत्रिक घड्याळाच्या कीर्तीचा तो कळस होता. त्या भोजनानंतर बरोबर एक महिन्याने, २५ डिसेंबर १९६९ ला, टोकियोत सेइको कंपनीने ॲस्ट्रॉन नावाचं घड्याळ विक्रीला आणलं. तेही अठरा कॅरट सोन्याचंच, किंमत साडेचार लाख येन. आत क्वार्ट्झचा स्फटिक आणि बॅटरी. महिन्याला पाच सेकंदांच्या आत चूक. चाकांच्या घड्याळांना ते झेपणारं नव्हतं.

पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळ उद्योगातल्या बहुतेक नोकऱ्या गेल्या. ल लोक्ल गावातल्या झेनिथ कारखान्यात १९७५ साली क्रोनोग्राफची यंत्रसामग्री भंगारात काढण्याचा हुकूम आला, तेव्हा शार्ल व्हेरमो नावाच्या कामगाराने साचे आणि हत्यारं गुपचूप माळ्यावर नेऊन दडवली. १९८० च्या दशकात त्यांच्याच जोरावर तिथला क्रोनोग्राफ पुन्हा सुरू झाला. पण विकल्या गेलेल्या घड्याळांना असा रखवालदार कुठला? जुनं यांत्रिक घड्याळ म्हणजे अडगळ, असा तो काळ. त्यातच जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढलं. पोलादी घड्याळ खणात पडून राहिलं, कारण त्याला कोणी विचारत नव्हतं. सोन्याचं घड्याळ मात्र वजनावर विकता येत होतं. केस मुशीत गेली, यंत्र कचऱ्यात.

जी मुशीतून वाचली त्यांच्यावर दुसरं संकट आलं, पॉलिशचं. अठरा कॅरटमध्ये तीन चतुर्थांश सोनं. धातू मऊ, ओरखडे लगेच पडतात. मालक प्रेमाने घड्याळ दुरुस्तीला देतो आणि दुकानदार तितक्याच प्रेमाने ते चकचकीत करून देतो. दर खेपेला सहाणेवर चंदनाचं खोड झिजावं तशी केस झिजते. पट्टा अडकवायच्या चार टोकांच्या धारदार कडा गोलसर होतात, पायऱ्या बुजतात, उमटवलेले छाप पुसट होतात. सोनं वजनाने जेमतेम कमी झालेलं असतं, पण संग्राहकाच्या लेखी घड्याळाची निम्मी किंमत त्या भुकटीबरोबर गेलेली असते.

म्हणून जाणकार माणूस जुनं सोन्याचं घड्याळ हातात घेतो तेव्हा चकाकी बघतच नाही. भिंग लावून तो छाप शोधतो. १९९५ पूर्वीच्या स्विस अठरा कॅरट केसवर हेल्वेशिया या राष्ट्रदेवतेचा मुखवटा अगदी बारीक उमटवलेला असतो. शेजारी ०.७५० हा कस. जिनिव्हात बनलेल्या केसच्या आत बरेचदा किल्लीचं चित्र असतं आणि त्या किल्लीत एक आकडा. तो आकडा म्हणजे केस घडवणाऱ्या कारागिराची ओळख. ९ असेल तर व्हिशे, १ असेल तर वेंगर. २४९९ च्या सुरुवातीच्या केस व्हिशेने घडवल्या, नंतरच्या वेंगरने. मुखवट्याचं नाक, केसांच्या बटा भिंगाखाली स्पष्ट दिसल्या, तर या केसला पॉलिशचा फारसा हात लागलेला नाही असं समजावं.

मग तबकडी. पाटेक फिलिपच्या जुन्या तबकड्या स्टर्न कुटुंबाच्या कारखान्यात बनत. १९३२ मध्ये याच कुटुंबाने पाटेक फिलिप कंपनीच विकत घेतली. तबकड्या पुरवणारे मालक झाले! तबकडीवरची अक्षरं छापलेली नसत. आधी ती धातूत कोरायची, कोरलेल्या चरांत मिनाकारीची भुकटी भरायची, भट्टीत भाजून घट्ट करायची, मग घासून सपाट करायची आणि वर चांदीचा हलका थर द्यायचा. अशी अक्षरं तिरप्या उजेडात धरली की किंचित उठावदार दिसतात. पण कोणी तबकडी उजळायच्या नादात जोरात घासली, तर आधी जातात ते सगळ्यात नाजूक भाग: जिनिव्हा या नावातल्या स्वरावरचं चिन्ह, पट्टीच्या केसाएवढ्या रेषा. संग्राहक म्हणूनच त्या चिन्हाकडे आधी बघतात. राईएवढी खूण, पण तिच्या असण्या-नसण्याने किमतीत मोठा फरक पडतो.

तबकडी नव्याने रंगवण्याबाबत आपल्या मुंबईचं नाव जगभर घेतलं जातं. जुन्या एचएमटी, फाव्र ल्यूबा, ओमेगा घड्याळांच्या यंत्रावर नवी रंगीत तबकडी चढवलेल्या नगाला परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्याकडच्या कारागिरांनी जुनी घड्याळं चालती ठेवली, हे मोलाचं काम आहे. पण चालतं घड्याळ आणि अस्सल घड्याळ यांत फरक असतो, आणि विकत घेणाऱ्याला तो माहीत असायलाच हवा.

सोन्याचं नाव ऐकून फसणारेही कमी नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘क्रोनोग्राफ स्विस’ एवढंच नाव मिरवणारी, अठरा कॅरटची, मोठ्या आकाराची घड्याळं प्रवाशांना आणि सैनिकांना मोठ्या प्रमाणात विकली गेली. केसचा पत्रा पातळ, आतून पोकळ, यंत्र साधं. सोनं खरं, कस खरा, आणि तरीही ती दुर्मीळ नाहीत. उलट एखाद्या डॉक्टरने रोज वापरलेला, पल्सोमीटरची तबकडी शाबूत असलेला, पॉलिश न झालेला सोन्याचा क्रोनोग्राफ त्यांच्याहून लहान आणि कमी वजनाचा असूनही कितीतरी पटीने मोलाचा ठरतो.

याखेरीज कागद लागतात. पाटेक फिलिपसारख्या कंपन्या आपल्या जुन्या दप्तरातून उतारा देतात: या क्रमांकाचं यंत्र या सालचं, या क्रमांकाच्या केसमध्ये, अमुक तारखेला विकलं. यंत्रावरचा आणि केसवरचा क्रमांक त्या उताऱ्याशी जुळला पाहिजे. मालकीची साखळीही साफ हवी. योको ओनोने १९८० मध्ये आपल्या पतीला, गायक जॉन लेननला, चाळिसाव्या वाढदिवशी सोन्याचं २४९९ भेट दिलं होतं. पुढे ते चोरीला गेलं, हातोहाती फिरत जिनिव्हात पोचलं, आणि २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ते योको ओनोचंच असल्याचा निकाल दिला. मधल्या काळात ज्याने ते विकत घेतलं होतं त्याच्या हाती काही उरलं नाही.

हे सारं पाहिलं की वाटतं, सोन्याचा क्रोनोग्राफ जमवणं म्हणजे कुठल्याशा गावातल्या कारागिरांनी केलेलं काम, ज्या रूपात त्यांनी ते हातावेगळं केलं त्याच रूपात जपणं. त्यासाठी जिनिव्हाच्या लिलावात बसायची गरज नाही, कोट्यवधींचीही नाही. तुमच्या घरात आजोबांचं, आजेसासऱ्यांचं एखादं जुनं सोन्याचं घड्याळ कपाटात असेल, बाजूला दोन कळा असतील, तर ते मोडीत घालण्याआधी थांबा. त्याला पॉलिश करू नका, तबकडी पुसू नका, बंद असेल तर जबरदस्तीने चावी देऊ नका. जुनी यांत्रिक घड्याळं जाणणाऱ्या घड्याळजीकडून झाकण उघडून घ्या, आतले छाप आणि क्रमांक लिहून घ्या, फोटो काढा, कोणी कधी कुठून आणलं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून टिपून ठेवा. वजन काट्यावर नंतरही करता येईल. एकदा मुशीत गेलेलं घड्याळ मात्र परत येत नाही.